दिराच्या मळ्यातून सोडवलेला कुत्रा आता कुणाचा?

बेळगावच्या पश्चिम भागातल्या एका गावातून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंच्या चुलत दिरांनी गेल्या वर्षी मुधोळकडून एक पिल्लू विकत आणलं. मळ्यात भात आणि रताळी. रानडुकरं उपद्रव देतात, म्हणून राखणीला. सुरुवातीला कौतुक झालं, मग गोठ्यामागच्या खुंट्याला बांधलं ते कायमचंच. हातभर साखळी, उन्हाला आडोसा नाही, भाकरतुकडा आठवण झाली तर. बरगड्या दिसू लागल्या. यंदाच्या उन्हाळ्यात गळ्याला जखम होऊन तिच्यात अळ्या पडल्या. तशातच दिरांच्या धाकट्या मुलाच्या हाताला तो चावला आणि त्या संध्याकाळी दिरांनी कुत्र्याला काठीनं इतकं मारलं, की ताईंना आपल्या परड्यात उभं राहवेना. दोनदा सांगून पाहिलं. "वहिनी, माझं जनावर आहे, मी बघतो," एवढंच उत्तर मिळालं. शेवटी त्यांनी शहरातल्या प्राणिमित्र पोरांना फोन केला. दिराघरची मंडळी पाहुण्यांच्या गावच्या लक्ष्मी यात्रेला गेली होती, त्या रात्री पोरं आली. परड्याचं कवाड ताईंनी उघडून दिलं.

कुत्रा आता टिळकवाडीत एका मुलाच्या घरी आहे आणि सावरतो आहे. पण पोरांनी व्हिडिओ टाकला. त्यात दिरांचा गोठा ओळखू येतो. खर्चासाठी पैसेही गोळा केले. दीर म्हणतात चोरी झाली, पोलिसांत जातो. कवाड कुणी उघडलं ते त्यांना अजून ठाऊक नाही. सासूबाईंना ठाऊक आहे. "आपल्याला काही माहीत नाही म्हण," असं त्या सांगतात. टिळकवाडीचा तो मुलगा कुत्रा गोव्याला एका कुटुंबाकडे पाठवतो म्हणतो आणि ताईंना भेटू देत नाही. "तुमच्याच घरच्यांनी त्याचे हाल केलेत," हे त्याचं म्हणणं. पोरं कन्नड बोलणारी, त्यामुळे व्हिडिओखाली मराठी-कन्नड भांडणही सुरू झालं आहे.

ताई विचारतात: "कुत्रा परत दिला तर त्याचा जीव जाईल, नाही दिला तर घर फुटेल. मी काय करू?"

ताई, तुमचा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी अडखळले ती मधल्या एका ओळीपाशी. दिरांच्या मुलाला कुत्रा चावला, असं तुम्ही लिहिलंत आणि लगेच मारहाणीकडे वळलात. त्या मुलानं इंजेक्शनं घेतली का?

हे आधी विचारून या. बाकी सगळं थोडं थांबू शकेल, हे थांबू शकत नाही. कुत्रा चावला की जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीज एकदा उठला की त्यावर औषध नाही. आपल्याकडे अजूनही हळद-तिखट भरून घरीच बांधून ठेवतात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. तो दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं डॉक्टर धरतात. तुमच्या दिरांच्या लेखी कुत्रा नाहीसा झालेला आहे. तो जिवंत आहे, खातोपितो आहे, हे त्या मुलाच्या आईला कळण्याचा हक्क आहे. इंजेक्शनं झाली नसतील, तर आजच त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि कुत्रा कधी चावला, आज कसा आहे, हे डॉक्टरांना नेमकं सांगा. पुढचं ते ठरवतील.

त्या कुत्र्याची तुम्हाला कळवळून दया आली आणि ती आलीच पाहिजे होती. पण तुम्ही त्या घराकडे बघताना एक क्रूर माणूस आणि एक मुकं जनावर एवढंच बघितलंत. त्या घरात हाताला दात लागलेलं एक पोरही होतं.

आता चावण्याबद्दल. पिल्लू असताना गळ्यात घातलेली साखळी कुणी सैल करत नाही. पिल्लू वाढतं, मान जाड होते, साखळी तेवढीच राहते. आधी केस जातात, मग कातडं सोलवटतं, मग कडी मांसात रुतत जाते आणि तिच्या कडेनं कातडं वर चढू लागतं. उन्हाळ्यात त्या ओलीवर माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या वळवळू लागतात. कुत्रा मान झटकतो, भिंतीला घासतो, रात्रभर ओरडतो, गळ्याजवळ कुणाचा हात आला की तोडतो. घरच्यांना वाटतं, बिथरला. मग काठी येते. तुमच्या दिरांच्या गोठ्यात बहुतेक हेच झालं. मुलानं भाकरी ठेवायला किंवा साखळी सोडवायला हात पुढे केला असेल. बापानं काठी उचलली ती पोराच्या रक्ताकडे बघून. त्या माराचं समर्थन मी करत नाही, तो मार क्रूरच होता. पण दिरांशी बोलायला जाल तेव्हा "तुम्ही राक्षस आहात" इथून सुरुवात न करता "त्याच्या गळ्यात साखळी रुतली होती, म्हणून तो चावला" इथून करा. हे वाक्य ऐकून घेणं त्यांना जमेल.

बरगड्यांचा मुद्दा मात्र सोडून द्या. मुधोळचा कुत्रा मुळातच सडपातळ, खोल छातीचा, पळण्यासाठी घडलेला. निरोगी मुधोळच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. हा कुत्रा पाळलेला कुणीही माणूस पोरांचा व्हिडिओ बघून म्हणेल की यांना जातच ठाऊक नाही, आणि मग खरी जखमसुद्धा खोटी ठरेल. आणि खरं सांगायचं तर घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली, २००५ साली टपाल तिकिटावर आलेली ही जात हातभर साखळीवर ठेवणं, एवढी एकच गोष्ट अत्याचार म्हणायला पुरेशी आहे. त्याला भाकरीइतकीच धावायला जागा लागते.

तेव्हा पुरावा बरगड्यांचा नको, गळ्याचा ठेवा. ज्या पशुवैद्यांनी उपचार केले त्यांच्याकडून लेखी घ्या: तारीख, वजन, जखम किती लांब आणि किती खोल, जुनी की नवी, अळ्या होत्या का, अंगावर काठीचे वळ किंवा हाड मोडल्याची खूण आहे का, रक्ततपासणीत गोचिडतापाचं काही निघालं का. साखळी फेकली नसेल तर जपून ठेवा. पहिल्या दिवसाचे फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या.

मग कुत्रा कुणाचा? कायद्यानं आज तरी तो तुमच्या दिरांचाच आहे, ताई. हे वाचून तुम्हाला राग येईल, पण पोलीस ठाण्यात कळण्यापेक्षा इथं कळलेलं बरं. चोरी म्हणजे काय हे समजावताना १८६० च्या दंड संहितेनं कुत्र्याचंच उदाहरण दिलं होतं: खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला अप्रामाणिक हेतूनं मागे यायला लावलं, तर तो मागून चालू लागताक्षणी चोरी पुरी झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ खाली हे उदाहरण तसंच आहे. यातला कळीचा शब्द 'अप्रामाणिक'. जखमी जनावराला दवाखान्यात नेणं अप्रामाणिक नाही, असं तुमचा वकील ठामपणे मांडू शकेल. पण यात्रेची रात्र निवडली, कुणाला सांगितलं नाही, पैसे गोळा झाले, कुत्रा परराज्यात गेला आणि तुम्ही "माहीत नाही" म्हणालात, अशी एकेक गोष्ट जमत गेली तर वकिलाचं काम अवघड होईल. म्हणून सासूबाईंचा सल्ला ऐकू नका. त्या घर राखायला बघतायत हे खरं, पण आज म्हटलेलं "माहीत नाही" उद्या ठाण्यात जबाब म्हणून लिहिलं जाईल आणि तुमच्या खऱ्या कारणावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

दुसऱ्या बाजूनं, दिरांचं "माझं जनावर" हेही अर्धंच खरं आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ मालकालाच बांधतं. मारणं, फार आखूड किंवा जड साखळीनं बांधणं, बांधून ठेवलेल्या कुत्र्याला अजिबात न फिरवणं, अन्न-पाणी-निवारा न देणं, हे सगळं मालकानं केलं तरी गुन्हाच. फक्त शिक्षा काय? पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. त्या काळी ठरवलेली रक्कम आजही तीच आहे. अशा प्राण्यासाठी आपण कोर्टकचेऱ्या करायच्या आणि शेवटी समोरच्यानं चहाच्या पैशांत सुटायचं, याची मला मनापासून चीड येते. जनावर मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं तर न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण गळ्याची जखम त्यात बसेल की नाही हे पशुवैद्यांच्या दाखल्यावर अवलंबून. शिवाय कलम ११ मधले बहुतेक गुन्हे असे, की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात आणि विषय तिथंच राहतो.

म्हणून माझं म्हणणं असं: दिरांना शिक्षा व्हावी याच्यामागे लागू नका, त्यांची सही मिळवा. "हा कुत्रा मी स्वखुशीनं अमुक यांच्या ताब्यात देत आहे, यापुढे माझा त्याच्यावर हक्क नाही," एवढ्या दोन ओळी, तारीख, कुत्र्याचा फोटो, दोन साक्षीदार. नोटरी करून घेतलंत तर उत्तम. त्यांनी कुत्र्यासाठी पैसे मोजले होते. ते मागितले तर द्या आणि रक्कम कागदावर लिहा. "जनावराचे हाल करणाऱ्याला वर पैसे द्यायचे?" असं पोरं म्हणतील. द्यायचे. त्या पैशांनी कुत्रा कायमचा सुटतो. पन्नास रुपयांच्या दंडानं तो सुटत नाही, कारण मालकी काढून घ्यायची तर आधी गुन्हा सिद्ध व्हावा लागतो आणि मग कोर्टाला तसं वाटावं लागतं.

ही सही आणायला तुम्ही एकट्या जाऊ नका आणि पोरांना तर मुळीच पाठवू नका. भाऊबंदकीत काही गोष्टी सुनेच्या तोंडून चालत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांचा शब्द दीर खाली पडू देत नाहीत असं कुणीतरी गावात असेलच: तुमचे सासरे, एखादे थोरले चुलते, ज्यांच्याकडून ते गाई-म्हशींसाठी औषध नेतात ते सरकारी डॉक्टर. पुष्कळदा या डॉक्टरांचंच ऐकलं जातं, कारण त्यांच्याशी उद्याही काम असतं. मात्र कवाड तुम्ही उघडलंत हे दिरांना तुमच्या तोंडून, यजमान शेजारी असताना कळू द्या. "भाऊजी, मीच उघडलं. मला बघवेना. तुम्हाला न सांगता केलं हे तुम्हाला लागलं असणार." एवढंच. त्यांनी आरडाओरडा केला तर ऐकून घ्या. आणि एक पथ्य पाळा: "सही नाही दिलीत तर तक्रार करू" हे वाक्य कुणीही बोलायचं नाही. धमकावून घेतलेली सही पुढे टिकत नाही आणि गावात तोंडही दाखवता येत नाही.

आता तुमच्या पत्रात नसलेला एक विचार. गोठ्यामागचा खुंटा रिकामा आहे. रानडुकरं यायची थांबलेली नाहीत. भात पोटरीला आलं की दीर दुसरं पिल्लू आणतील आणि तीच साखळी त्याच्या गळ्यात जाईल. एक कुत्रा सोडवून दुसऱ्याची सोय करून ठेवल्यासारखं होईल ते. म्हणून बोलणी होतील तेव्हा राखणीचं काय, हाही विषय काढा. डुकरांनी केलेल्या पीकनुकसानीचा अर्ज वनखात्याकडे करता येतो, भावकीच्या लागून असलेल्या तुकड्यांना मिळून सौर कुंपण घालता येतं. तरीही कुत्रा ठेवायचाच म्हणाले, तर भांडू नका, कसा ठेवायचा ते दाखवा. गळ्यात साखळी न घालता रुंद पट्टा, आत दोन बोटं सहज शिरतील इतका सैल. पिल्लू असेपर्यंत तो दर आठवड्याला तपासायचा. खुंट्याऐवजी दोन झाडांमध्ये ताणलेली तार आणि तिच्यावर सरकणारी कडी, म्हणजे कुत्र्याला पंधरा-वीस पावलं तरी येजा करता येते. वर पत्र्याचा आडोसा, पाण्याची घमेली, रोज सकाळी शिवारात मोकळं सोडणं. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस आणि मग दरवर्षी. हे सगळं फार खर्चाचं नाही. त्या चावलेल्या मुलाला यात घ्या. पट्टा तपासायचं काम त्याचं.

टिळकवाडीच्या मुलाबद्दल. रात्री-अपरात्री धावून येणारी, अळ्या वेचणारी ही पोरं मोलाची आहेत. बेळगावात ती नसती तर तुमचा फोन कुणी उचलला नसता. पण कुत्रा बरा केला म्हणून तो त्याचा होत नाही आणि तुमच्यावर दिरांचं पाप लादायचा अधिकारही त्याला नाही. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा, शक्यतो लेखी. सही होईपर्यंत कुत्रा बेळगाव सोडून जाणार नाही, कारण वाद चालू असताना त्याला राज्याबाहेर पाठवणं हे विल्हेवाट लावल्यासारखं दिसेल. दुसरं, व्हिडिओतून गोठा ओळखू येणारा भाग काढायचा. लोकांच्या शिव्या खाणारा माणूस कधी सही देत नाही, आणि बदनामीचा वेगळा दावा लागला तर तो त्या पोरावरच लागेल. तिसरं, गोळा झालेल्या पैशांचा हिशेब दवाखान्याच्या पावत्यांसह मांडायचा, उरले तर कशाला लावणार तेही लिहायचं. भेटू देत नाही याबद्दल मात्र फार मनाला लावून घेऊ नका. मार खाल्लेल्या कुत्र्याला जुन्या घराचा वास असलेलं माणूस समोर आलं की कधी कधी भीतीच वाटते. काही आठवडे जाऊ द्या, मग उघड्यावर, तिसऱ्याच जागी भेटा.

गोव्याचं घर चांगलं असेलही. पण मुधोळच्या कुत्र्याला फ्लॅटच्या गॅलरीत ठेवणार असतील तर खुंटा बदलला एवढंच. कंपाउंड आहे का, पळवायला कोण नेणार, आधी कुत्रा पाळला होता का, परत करावासा वाटला तर कुणाकडे करायचा, हे विचारल्याशिवाय देऊ नये. नसबंदी आणि लस झाल्यावरच पाठवावा.

आणि ते मराठी-कन्नड. सीमाभागात राहून मराठीचं दुखणं मलाही ठाऊक आहे, ते खोटं नाही. पण या कुत्र्याच्या प्रकरणात मालक मराठी, कवाड उघडणारी मराठी, वाचवणारी पोरं कन्नड बोलणारी. यात कुठला भाषावाद? दोन्हीकडून जे लिहितायत त्यांना ना कुत्र्याचं पडलंय ना तुमच्या घराचं. तुम्ही तिथं एक अक्षर लिहू नका. पोरांनाही त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया बंद करायला सांगा. मात्र व्यवहार सांभाळा: पोलिसांत किंवा पंचायतीत काही द्यायची वेळ आली तर अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून घ्या, तो शब्दन् शब्द वाचून, समजून मगच सही करा आणि मराठी मजकूर आपल्याकडे ठेवा. दिरांच्या त्या दोन ओळी दोन्ही भाषांत करा, म्हणजे पुढे कुणी "मला काय लिहिलंय ते कळलं नाही" म्हणणार नाही.

सहीला नकारच मिळाला तर? मग तक्रार. ती गुपचूप करायची नाही, घरच्यांना सांगून करायची. १९६० च्या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, तेव्हा समजुतीच्या बोलण्यांत महिने घालवू नका. मारहाणीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पशुवैद्यांचा दाखला, फोटो, तुमचा स्वतःचा सहीनिशी जबाब घेऊन पोलीस ठाण्यात जा, पोच घ्या. एक प्रत जिल्ह्याच्या पशुसंगोपन उपसंचालकांना द्या, कारण जिल्हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्थेचा कारभार कुणाकडे आहे ते तिथं कळेल. निकाल लागेपर्यंत प्राण्याला कुठं ठेवायचं हे न्यायदंडाधिकारी ठरवू शकतात. कलम ३५ तसा अधिकार देतं. तेव्हा तो आजच्याच ठिकाणी राहावा अशी मागणी वकिलामार्फत करा. पोलिसांनी कुत्रा हजर करा म्हटलं तर लपवू नका, वकील आणि पशुवैद्यांचा दाखला बरोबर ठेवून हजर करा.

असंच काही आपल्या शेजारी बघत असलेल्या इतर वाचकांनी एवढं करावं: कवाड उघडण्याआधी फोन उघडा. तारखेसह फोटो काढा, ११२ वर कळवून नोंद करा, जखमी जनावर असेल तर १९६२ वर पशुसंजीवनीची गाडी मागवा. डॉक्टर गोठ्यात येऊन उपचार करतात, तेव्हा मालकाला 'नको' म्हणणं जड जातं, आणि पुष्कळ कुत्र्यांच्या गळ्यातली साखळी तिथल्या तिथं, मालकाच्या हातूनच निघते.

ताई, तुमच्यासाठी क्रम असा: आज तो मुलगा आणि त्याची इंजेक्शनं. उद्या टिळकवाडीला फोन, कुत्रा कुठंही हलवायचा नाही म्हणून. आणि रविवारी यजमान घरी असतील, तेव्हा दोघं मिळून दिरांकडे.